कळवले, असे धरावे

८ जून, सोमवार. दुपारी १

गोळ्यांची चिठ्ठी नवी करून घ्यायला डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. पाच मिनिटांचं काम. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, घरीच असता ना? म्हटलं, छे! साथ सुरू झाल्यापासून एक रजा नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, तुमचं नाव हाय रिस्क लिस्टमध्ये आहे. बाहेर पडू नका म्हणून मार्चअखेरीलाच तुम्हाला फोन जायला हवा होता. आला नाही का?

मला हसू आलं. म्हटलं, मॅडम, ते फोन मीच करतो.

त्या हसल्या नाहीत.

कारण काय, तर सांध्यांच्या गोळ्या. सहा वर्षं घेतोय. मनगटं दुखतात, एवढंच. त्या गोळ्या म्हणे अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. म्हटलं, मनगटाने कुणी दगावलंय का आजवर? त्या म्हणाल्या, आता वाद नको, सरळ घरी जा आणि घरीच बसा.

सरळ घरी आलो. वाटेत फक्त बँक, चपलेचा अंगठा आणि एक जुने सहकारी भेटले म्हणून पंधरा मिनिटं.

८ जून. संध्याकाळी ७

हिला सांगितलं नाही. उगाच तिचं ब्लडप्रेशर वाढायचं. (तिला ब्लडप्रेशर नाही. पण अशाने होतं.)

शांतपणे विचार केला. घाबरलेलो नाही. ताप ९८.४. अर्ध्या तासाने पुन्हा ९८.४. संशय यावा इतका नॉर्मल.

दहा आठवडे! दहा आठवडे मला कुणी सांगितलं नाही! कुणाचा तरी हलगर्जीपणा आहे आणि मी तो शोधून काढणार. लेखी तक्रार. तीन प्रती.

९ जून. सकाळी ८

कामावर जाणार. तक्रार करायची तर पुरावा हवा, आणि पुरावा हॉलमध्ये आहे. शिवाय माझ्यावाचून हॉल अडतो.

मी मूळचा उद्यान खात्यातला. फांद्या छाटायची परवानगी देणं हे माझं काम. साथीत झाडांना कोण विचारतो? म्हणून मला मार्चमध्ये आरोग्य खात्याला उसना दिला. क्लबच्या टेबलटेनिस हॉलमध्ये फोनकेंद्र काढलं होतं. जाळ्या काढून टाकलेली दहा हिरवी टेबलं, प्रत्येक टेबलाला मधल्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन माणसं. हातात लिस्ट. लिस्टमध्ये नावं नाहीत, गुप्ततेसाठी. फक्त नंबर, वय, आजार. पुढे दोन रकाने: ‘कळवले’ आणि ‘कळवले नाही’. फोन स्वतःच्या मोबाइलवरून करायचे.

पहिल्या आठवड्यात हॉलची पार दैना होती. निम्मे लोक फोन उचलत नाहीत, उरलेल्यातल्या निम्म्यांचा एंगेज. ते सगळे ‘कळवले नाही’मध्ये जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर हजर. इन्चार्ज बाई रडकुंडीला आलेल्या. मग मी पद्धत सुचवली. एकाच नंबरावर तीनदा प्रयत्न करायचा. तिन्ही वेळा लागला नाही तर ‘कळवले’वर टिक, बाजूला बारीक तीन ठिपके. शेवटी मिस्ड कॉल म्हणजे तरी काय? कुणीतरी आपल्याला शोधतंय हे माणसाला कळतंच की. बाई म्हणाल्या, ठीक आहे, कळवले असे धरावे. दुसऱ्या दिवशी हॉलचा आकडा दुप्पट! उद्यान खात्यात इतकं डोकं असेल असं वाटलं नव्हतं, असं बाई चारचौघांत म्हणाल्या.

खिडक्या बंद ठेवायची सूचनाही माझीच. वाऱ्याने कागद उडायचे.

९ जून. संध्याकाळी

आज तपास सुरू केला. जुन्या लिस्टचे गठ्ठे कपाटातून काढून माझा नंबर शोधत होतो. धुळीने शिंक आली. एकच. पण चाळीस माणसांनी वळून पाहिलं. मी कागदांकडे बोट दाखवलं.

१० जून. दुपारी २

सापडला.

टेबल तीन. म्हणजे माझंच टेबल. पांढऱ्या रेघेच्या पलीकडे माझ्या बरोब्बर समोर बसतात ते भूगोलाचे सर. शाळा बंद म्हणून त्यांनाही इथे आणलंय. त्यांच्या लिस्टवर माझा नंबर. वय ५६, सांध्यांचा विकार, औषध चालू. तारीख २ एप्रिल. ‘कळवले’वर टिक. बाजूला तीन ठिपके.

सरांना जाब विचारला. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला, मागे टिपलेल्या वेळा वाचल्या आणि म्हणाले, दहा दहाला एंगेज, दहा बाराला एंगेज, सव्वादहाला एंगेज. मी तर तुमचीच पद्धत वापरली.

त्या वेळी मी समोर बसून दुसऱ्या कुणाला तरी फोन लावत असणार. चार फुटांवर. सर मला फोन करत होते आणि मी बोलत होतो म्हणून माझा लागत नव्हता. लिस्टवर नाव नाही, त्यांना कसं कळणार? आणि मधेच टूं टूं वाजून लक्ष विचलित होतं म्हणून मी कॉल वेटिंग बंद करून ठेवलेलं. ती सूचनाही मी सगळ्यांना केली होती. फार थोड्यांनी मानली.

सरांनी विचारलं, कुणाचा आहे नंबर? म्हटलं, आहेत एक ओळखीचे.

१० जून. संध्याकाळी

तक्रार तूर्त स्थगित. सरांसारख्या साध्या माणसाच्या पोटावर पाय नको.

११ जून. सकाळी ११

इन्चार्ज बाईंना भेटलो. मनाशी मोठं भाषण तयार केलं होतं. सुरुवात अशी, की पद्धत मूळची उत्तम, पण तिच्या अंमलबजावणीत काही त्रुटी. बाईंनी पहिल्याच वाक्याला अडवलं. म्हणाल्या, तुम्ही स्वतः हाय रिस्क आहात? आणि इथे उभे आहात? निघा आधी. म्हटलं, पण ते तीन ठिपकेवाले सगळे? म्हणाल्या, आकडे वर गेले, फाइल बंद झाली, आता ते उकरायचं नाही. शिपायाने माझा डबा आणि छत्री दारापाशी आणून ठेवली. दोन हात लांबून.

म्हणजे दहा आठवड्यांत जे जमलं नाही ते बाईंनी दोन मिनिटांत केलं. मला कळवलं.

११ जून. दुपारी ४

माझ्या लिस्टच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. बढतीच्या वेळी दाखवायला काढून ठेवल्या होत्या. सहज म्हणून ठिपकेवाले नंबर मोजले.

सहाशे चौदा.

पुन्हा मोजले. सहाशे चौदाच.

आता टीव्ही काय लोक बघत नाहीत? पेपर वाचत नाहीत? मुलं, शेजारी, डॉक्टर काही सांगत नाहीत? ज्याला आजार असतो त्याला आपण आजारी आहोत हे ठाऊक असतंच.

(मला नव्हतं.)

१२ जून

बिंग फुटलं. मी अंघोळीला गेलेलो असताना डॉक्टरबाईंचा फोन आला, घरी बसलेत ना म्हणून चौकशीला. हिने उचलला.

बाहेर आलो तेव्हा ही बिछाना काढून मागच्या छोट्या खोलीत नेत होती. माझा. मी म्हटलं, ऐक तर खरं. ती म्हणाली, सोमवारी कळलं आणि आज शुक्रवार. चार दिवस मी बाजारात जाऊन येत होते, त्याच हातांनी तुमच्या पुढ्यात ताट ठेवत होते. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं असतं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं? मी म्हटलं, तुला काळजी नको म्हणून नाही बोललो. म्हणाली, काळजी करायची की नाही ते माझं मी ठरवते, तुम्ही फक्त सांगायचं काम करा.

एवढं बोलून तिने दार ओढून घेतलं. मग बाहेरून नाक ओढल्याचा आवाज. रडत होती बहुधा. मला फार वाईट वाटलं. 

१३ जून

ठरलं. सहाशे चौदाच्या सहाशे चौदा जणांना या खोलीतून फोन करणार. कुणाला न सांगता. रोज पन्नास. तेरा दिवसांत काम फत्ते. सकाळी नऊ ते एक, मग विश्रांती, मग तीन ते सहा. वेळापत्रक आखलं. लाल शाई: बाकी. हिरवी: झाले. निळी: पुन्हा करायचे.

दिवस आखण्यात गेला. उद्यापासून.

१४ जून, रविवार

अकरा फोन झाले. पन्नास म्हटलं होतं, पण दर्जा महत्त्वाचा.

पहिल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मार्चपासून सुनेने कडी लावून ठेवलंय, तुम्ही आता जागे झालात का? दुसऱ्या बाई झोपेतून उठल्याने चिडल्या. तिसऱ्यांना मी बोलण्याच्या ओघात उद्यान खातं म्हणालो, तर खिडकीसमोरच्या फांदीबद्दल वीस मिनिटं. अर्ज कसा करायचा ते सांगितलं. एका आजींनी सगळं ऐकून विचारलं, बाळ, तू आहेस ना घरी? छप्पन्नाव्या वर्षी बाळ! हो म्हटलं. हल्ली खरं बोलायचा योग आला की बरं वाटतं.

अकराच्या अकरा ठणठणीत. मी म्हणत होतो ना! उगाच पाचावर धारण बसली होती माझी.

१५ जून

नऊ. सगळे सुखरूप. दोघांना खरोखरच काही माहीत नव्हतं. एक तर रोज गोदामात जात होता. दचकला बिचारा. आभार मानायला लागला. त्याने आभार मानलेले मला सहन होईनात. फोन लवकर ठेवला.

१६ जून

एकही नाही. कान दुखतो. दाराबाहेरून हिने विचारलं, आज आवाज नाही? म्हटलं, नियोजन चाललंय.

१७ जून. सकाळी ११

आज सहावा फोन. वय ६१, मूत्रपिंडाचा विकार. बाईंनी उचलला. मी ठरलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, की आपण जास्त धोक्याच्या गटात आहात, घराबाहेर पडू नये, पाहुण्यांना भेटू नये.  मग त्या म्हणाल्या, हा फोन ह्यांचा आहे. ते गेले. तेवीस दिवस झाले.

मी विचारलं, कशाने? म्हणाल्या, त्यानेच.

मग त्याच सांगत राहिल्या. बहुतेक बरेच दिवस कुणी विचारलं नसावं. त्यांचा नवरा किल्ल्या बनवायचा. दुकान बंद होतं, पण लोक घराबाहेर अडकतात, किल्ल्या आत राहतात, त्यांचे फोन यायचे, की हा हत्यारांची पिशवी घेऊन निघायचा. नको म्हटलं तरी ऐकायचा नाही. त्या म्हणाल्या, आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो, की ह्यांना जास्त धोका आहे. कळलं असतं तर मी दारात आडवी पडले असते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

माझ्यासमोर कागद होता. मी कागद वाचला. म्हणालो, आमच्या रेकॉर्डप्रमाणे ९ एप्रिलला कळवले आहे.

 मग त्या अगदी हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांना माहीत होतं?

मी काही बोललो नाही.

त्या म्हणाल्या, माहीत होतं, आणि मला बोलले नाहीत. मग म्हणाल्या, माफ करा, तुम्हाला उगाच बोल लावला. आणि फोन ठेवला.

१७ जून. दुपारी

जेवलो नाही. 

तसं पाहिलं तर मी खोटं बोललो नाही. रेकॉर्डमध्ये तसंच आहे.

१७ जून. संध्याकाळी ६

पण ती बाई आता काय समजून बसली असेल? की माणूस तिच्यापासून लपवून रोज मरायला बाहेर पडत होता. मी चार दिवस लपवलं तर हिची काय अवस्था झाली ते मी या खोलीतून ऐकलंय. आणि ही निदान भांडू तरी शकते, मी आहे. त्या बाईने कुणाशी भांडायचं? बोल लावला म्हणून माफी मागितली तिने. माझी!

उद्या सकाळी पहिला फोन त्यांना. सगळं खरं सांगायचं. नऊ वाजता.

१८ जून

नऊ वाजता लोक कामात असतात. अकरा वाजता स्वयंपाक. दुपारी झोप. चार वाजता हातात फोन घेतला होता, चार्ज कमी होता. बासष्ट टक्के. मधेच बंद पडला असता.

उद्या.

१९ जून

फोनपेक्षा पत्र बरं. माणसाला सावकाश वाचता येतं. तीन मसुदे केले. पहिल्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ आलं. दुसऱ्यात ‘नजरचुकीने’. तिसऱ्यात ‘आमच्या केंद्राकडून’. ‘मी’ कुठेच येईना. सवयच नाही, आम्ही कचेरीतली माणसं. शिवाय लिस्टमध्ये पत्ता नाही हे तिसऱ्या मसुद्यानंतर लक्षात आलं.

२० जून

बाकीच्यांना तरी फोन करावेत म्हणून लिस्ट उघडली. बोट पुढे जाईना. प्रत्येक नंबर आता कुणीतरी बाईच उचलणार असं वाटतं. पाचशे अठ्ठ्याऐंशी उरलेत. वेळापत्रकात आज तीनशे पन्नासाव्या नंबरावर असायला हवा होतो.

ताप ९८.४. मला काहीही झालेलं नाही. दहा आठवडे हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेत, न्हाव्याकडे फिरलो आणि मला काही झालं नाही. याचाही आज राग आला.

२१ जून, रविवार

काल हिने ताटाबरोबर चिठ्ठी सरकवली. फोन बंद का? काय झालंय? मी उत्तर लिहिलं, काही नाही.

मग ते फाडलं. दहा-बारा दिवसांपूर्वी हेच करून बसलो होतो. दाराशी बसून सगळं सांगितलं. पद्धत, ठिपके, सर, किल्लीवाले, मी काय बोललो ते. ही दारापलीकडे बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, मग आता कशाची वाट बघताय? म्हटलं, धीर होत नाही. ती म्हणाली, तिला कुठे होत असेल, पण तिला रोज उठावं लागतंय ना!

उद्या. आणि या वेळी खरोखर उद्या.

२२ जून. सकाळी १०

केला.

पहिल्याच घंटेला उचलला. मी नमस्कार वगैरे काही न म्हणता सांगून टाकलं, की तुमच्या यजमानांना काहीही माहीत नव्हतं. त्यांनी तुमच्यापासून काही लपवलं नाही. त्यांना कळवायचं काम माझं होतं. मी तीनदा फोन लावला, लागला नाही, आणि कळवले म्हणून टिक मारली. तशी टिक मारायची ही युक्ती माझीच. परवा मी कागद वाचून दाखवला, तो खोटा आहे. चूक माझी आहे.

‘मी’ आणि ‘माझं’ मिळून पाचदा आलं. मोजलं.

वाटलं होतं, त्या शिव्या देतील. तयारी होती. खरं तर तीच अपेक्षा होती. चार शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो.

त्या म्हणाल्या, मला माहीत आहे.

परवा माझा फोन झाल्यावर त्यांना राहवेना, म्हणून त्यांनी नवऱ्याचा मोबाइल उघडून जुने कॉल पाहिले. मागे मागे जात ९ एप्रिलला पोचल्या. माझ्या नंबरावरून तीन मिस्ड कॉल. त्या दिवशी ते कुणाचं तरी कुलूप उघडत होते, हात गुंतलेले. आणि त्याच्यानंतर ह्यांनी त्याच नंबराला लावलेले फोन. दुपारभर. सात.

त्या म्हणाल्या, त्यांना वाटलं असेल, कुणीतरी तीनदा फोन केलाय म्हणजे बिचारं दाराबाहेर अडकलंय. अशा वेळी ते सोडायचे नाहीत. लागेपर्यंत लावायचे. मग म्हणाल्या, तुमचा सारखा एंगेज होता का हो?

हो म्हणालो.

त्यावर त्यांनी फोन ठेवला.   धाडकन नाही, साधा.

झेरॉक्समध्ये ९ एप्रिलचा कागद काढून पाहिला. त्या दिवशी माझे एकशे बेचाळीस ‘कळवले’ झाले होते. एका माणसाचे एका दिवसात एवढे हॉलमध्ये त्यानंतर कुणाचेच झाले नाहीत. इन्चार्ज बाईंनी तो आकडा खडूने फळ्यावर लिहिला होता आणि माझ्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मी उठून उभा राहिलो होतो, एका हाताने नमस्कार करत. दुसऱ्या हातात फोन होता, पुढचा नंबर लावलेला.